एर्मितासची शिल्लक तांबडी

साहेब, माझी तांबडी मला फुकट वाटायला तुम्हीच लावलंत, आणि ती फुकट वाटली म्हणून दंडही तुम्हीच ठोठावलात. हा माझा आरोप आहे आणि तो मी शाईनं लिहून देतोय. तुमचं नाव घेऊनच लिहिलं असतं, पण तुमच्या पत्राखाली सहीच्या जागी जे काही आहे ते पाय शाईत बुडालेली कोंबडी कागदावरून चालत गेल्यासारखं दिसतं. तेव्हा नुसतं 'साहेब' म्हणून भागवतो. बाई असाल तर राग मानू नका. कोंबडीवरून काही कळत नाही.

तुमच्या पत्रात मला 'सदर इसम' म्हटलंय. सदर इसमाचं नाव एलादिओ. सदर इसम स्पेनमधल्या गालिसियात, साल्नेसच्या खोऱ्यात राहतो आणि लोकांना मोटार चालवायला शिकवतो. आमच्या पंचक्रोशीत ज्या ज्या माणसाला चढावर थांबलेली गाडी मागे न घसरता पुढे काढता येते, त्याला ती मी शिकवलेली आहे. ज्याला येत नाही तो पलीकडच्या गावात शिकलाय. नियम मोडणं माझ्या रक्तातच नाही. रस्त्यावर कुत्रं नसलं तरी वळताना मी दिवा लावतो. माझ्या लग्नाच्या वरातीत माझ्यामुळे सगळी माणसं लाल सिग्नलला थांबली होती आणि चर्चमध्ये पाद्रीबुवा घड्याळ बघत उभे होते. असा माणूस 'विनापरवाना खानावळ चालवणारा' कसा झाला, हे तुम्हाला माहीत नसेल तर ऐका. माहीत असेल तरी ऐका, कारण तुमच्या खात्यात कोणी काही ऐकून घेतं असा माझा अनुभव नाही.

भानगड सुरू झाली माझे सासरे वारल्यामुळे.

आमच्याकडे घरोघरी तांबडी वाइन करतात, तिला नुसतं तांबडीच म्हणतात. दगडी खांबांवरच्या मांडवाला लागलेली द्राक्षं, दगडी कुंडात पायानं तुडवायची, चेस्टनटच्या लाकडाच्या पिंपात मुरवायची. बाकी त्यात काही म्हणजे काही घालायचं नाही. दुकानात बाटल्या मिळतात, त्यांच्यावर सोनेरी अक्षरांत किल्ल्याचं चित्र असतं. आमची तांबडी पांढऱ्या चिनी मातीच्या वाटीतून पितात. वाटीला जांभळी कड राहते, मिशीला राहते, आणि 'मी एकच वाटी घेतली' म्हणणाऱ्याच्या जिभेलाही राहते. घरच्यांना पुरून उरली तर ती विकायची मुभा आहे. दाराला तमालपत्राची हिरवी फांदी लावायची, की लोक समजतात. येतात, अंगणात नाहीतर मोटारीच्या गॅरेजात बसतात, आणि कॉफीपेक्षा स्वस्तात एक वाटी पिऊन जातात. फांदी सुकली की समजायचं, संपली.

आमच्या दाराला कधी फांदी लागली नाही. सासरे आमादोर असेपर्यंत शिल्लक हा शब्द आमच्या घरात कोणी उच्चारला नव्हता. ते दारुडे नव्हते, हे आधी सांगतो. ते फक्त कोणत्याही कामाची सुरुवात एका वाटीनं करायचे आणि त्यांना कामाची फार आवड होती. ते गेले, आणि त्याच वर्षी शरदात माझी सासू एर्मितास नेहमीसारखी कुंडात उतरली आणि नेहमीएवढीच तांबडी करून बसली. मी भीत भीत विचारलं की एवढी पिणार कोण. ती म्हणाली, "पीप किती भरायचं ते पिणारा ठरवत नाही, एलादिओ. मांडव ठरवतो."

मग फेब्रुवारीत तिनं पीप उघडलं, पहिली वाटी भरली, चव घेतली आणि पुन्हा एक घोट घेतला. तांबडी त्या वर्षी अशी झाली होती की मला, ज्याला चढ आणि उतार यापलीकडे फारसं कळत नाही, त्यालाही कळलं. एर्मितासनं वाटी खाली ठेवली आणि मला एकच गोष्ट सांगितली. "ही उन्हाळ्याच्या आत प्यायली गेली पाहिजे. आंबली तर मी पुन्हा कुंडात पाय घालणार नाही. पुढच्या वर्षी मांडव पाखरांना."

आमच्या तांबडीत काही घातलेलं नसतं म्हणून ती टिकत नाही, साहेब. जूनची धग लागली की तिचा सिरका होतो. म्हणजे प्रश्न साधा होता. पीपभर तांबडी, घरात माणसं तीन, आणि म्हातारीचा शब्द. मी म्हटलं, फांदी लावू, चार लोक येतील, पिऊन जातील. परवानगी तेवढी घेऊ. हे वाक्य उच्चारलं तेव्हा माझी बायको दोरिंदा भांडी विसळत होती. ती थांबली, तिनं नळ बंद केला आणि माझ्याकडे बघितलं. लग्नाला होकार देतानाही तिनं माझ्याकडे इतकं नीट बघितलं नव्हतं.

तुमच्या अर्जात एक रकाना आहे. त्यात लिहायचं की घरची माणसं वर्षाकाठी किती पितात. ते वजा करून जे उरेल ते शिल्लक, आणि शिल्लकच विकता येते. ज्यानं हा रकाना काढला त्याला माणसाची काही कल्पना नसावी, आणि गालिसियातल्या माणसाची तर मुळीच नसावी. आम्ही कोणाला आपला पगार सांगत नाही, वय सांगत नाही. रस्ता विचारला तरी 'तुम्हाला कुठे जायचंय त्यावर आहे' असं उत्तर देतो. आणि तुम्ही विचारताय किती पिता.

स्वयंपाकघरात मेजावर कागद ठेवला आणि आम्ही तिघं बसलो. दोरिंदाची एक चुलतबहीण तुमच्या खात्याच्या शेजारच्या खात्यात झेरॉक्स काढते, त्यामुळे दोरिंदाचं म्हणणं पडलं की तिच्या नावापुढे काहीच लिहू नये. एर्मितास दोन्ही जेवणांना एकेक वाटी घेते, आणि मधे पाहुणा आला तर त्याला वाईट वाटू नये म्हणून आणखी एक. तिनं सांगितलं, माझं लिही की सणावारी ओठ ओले करते. राहिलो मी. आता माझा धंदा काय, की गाडीत शेजारी बसायचं आणि पोरांना सांगायचं की प्यायलेल्या माणसानं चाकाला हात लावू नये. मी काय लिहिणार? मी शून्य लिहिलं, आणि शून्याला गोल चेहरा आला म्हणून जरा बरंही वाटलं.

तुमचं उत्तर आलं. ज्या घरात कोणी पीतच नाही त्या घरात तांबडी उरत नाही, ती विक्रीसाठीच केलेली असते, सबब हा धंदा आहे, सबब कारखान्याचा परवाना काढा. आता यात चूक कोणाची? आमची, हे मी मान्य करतो. पण तुमचा तर्क कुठल्या थराला जातो ते बघा. सज्जन माणूस दिसला की तुम्हाला कारखाना दिसतो.

इथे आमचा शेजारी सेकुंदिनो आला. सेकुंदिनो मासेमारीच्या बोटींवर इंजिनं सांभाळायचा. आता निवृत्त झालाय आणि गावातली माणसं सांभाळतो. त्याला कोणी बोलवावं लागत नाही. कागद उलगडल्याचा आवाज आला की तो कुंपणावर दिसतो. त्यानं पत्र वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाला की अरे एलादिओ, सरकारशी बोलताना लाजून चालत नाही, पुन्हा अर्ज कर आणि चांगलं सढळ हातानं लिही. किती सढळ, असं मी विचारलं, तर म्हणाला, आमादोर जिवंत आहे असं समजून लिही.

मी लिहिलं. चूक माझी एवढीच की मी तिघांच्याही नावापुढे आमादोरचाच आकडा लिहिला.

तुमचं दुसरं उत्तर: एवढी पिणाऱ्या घरात काहीच शिल्लक राहत नाही, उलट तुम्हाला बाहेरून आणावी लागत असणार, सबब परवानगी नाही. इथपर्यंत मी समजू शकतो. पण त्याची एक प्रत तुम्ही आरोग्य केंद्राला का पाठवलीत? आमच्या केंद्रातली नर्स भली बाई आहे. मीच तिला गाडी शिकवली, अजूनही ती दिवा लावायच्या आधी वळते. तिनं फोन केला आणि रडवेल्या आवाजात म्हणाली की सर, तुम्ही मनात ठेवायला नको होतं, आम्ही सगळे तुमच्या पाठीशी आहोत. मग यकृताच्या तपासणीसाठी वेळ दिली. यकृत उत्तम निघालं. पण आमच्या गावात लोकांना रिपोर्ट दिसत नाही. दवाखान्याच्या बाकावर कोण बसलंय तेवढं दिसतं.

एका आठवड्यात माझ्या मोटार-शाळेच्या मालकानं मला बोलावून घेतलं. खांद्यावर हात ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा. म्हणाला की काही दिवस गाडीवर नको, वर्गातला फळाच घे, चिन्हं शिकव. तीस-एक वर्षं चढ शिकवणाऱ्या माणसाला त्यांनी त्रिकोण आणि गोल शिकवायला बसवलं. बेकरीत ओलीवानं मला पाव देताना विचारलं की आता कसं वाटतंय. मी म्हटलं, मला काही झालेलं नाही. ती म्हणाली, पहिली पायरी म्हणजे मान्य करणं. काय मान्य करायचं ते मी विचारलं नाही. रांगेत मागे पाच माणसं होती आणि सगळी माझ्याकडे मायेनं बघत होती. शिवी परवडते, साहेब. माया परवडत नाही.

तिसरा अर्ज मी स्वतः, कोणाचंही न ऐकता, खरा लिहिला. खरा अर्ज गेला आणि तुमच्याकडून काहीच आलं नाही. मार्च गेला. एप्रिलमध्ये असं ऊन पडलं की एर्मितास रोज सकाळी पिंपाला हात लावून बघायला लागली, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा. मी फोन केले. फोनवर तुमच्याकडे गाणं वाजतं, मग एक बाई सांगते की तुमचा फोन आम्हाला महत्त्वाचा आहे, मग पुन्हा गाणं. गाण्याची चाल मला पाठ झाली. वर्गात मी ते गुणगुणलो तर मालकाला वाटलं, माझी पुन्हा सुरू झाली.

ईस्टर उलटल्यावरच्या शनिवारी मी बाजारातून आलो तर दाराला तमालपत्राची ही एवढी फांदी. एर्मितास खुर्चीवर उभी राहून तार पिळत होती. मी म्हटलं, सासूबाई, उतरा, परवानगी आलेली नाही. ती उतरली. फांदी तशीच राहिली. ती म्हणाली, "पत्र उशिरा आलं तर चालतं. ऊन उशिरा येत नाही."

फांदी काढायला मी खुर्चीवर चढलो, तेवढ्यात अंगणात सेकुंदिनो आणि त्याच्यामागे त्याची तीन जुनी खलाशी मंडळी. बसलेसुद्धा. आता करायचं काय? विकणं गुन्हा आणि आलेल्या माणसाला हाकलणं त्याहून मोठा गुन्हा. मी सेकुंदिनोला कोपऱ्यात घेतलं आणि परिस्थिती सांगितली. त्यानं क्षणभर विचार केला, बोटीचं इंजिन बंद पडल्यावर करत असेल तसा. म्हणाला, यात अवघड काय आहे, विकू नको, नुसती दे.

मला तो मार्ग सरळ आणि कायदेशीर वाटला. अजूनही वाटतो. माझ्या घरची तांबडी, माझ्या अंगणात, मी माझ्या शेजाऱ्याला पाजली. यात तुमचं काय गेलं? पण मी एक विसरलो. सदर इसम गालिसियात जन्मला, वाढला, आणि विसरला. आमच्याकडे फुकट पिणारा माणूस नसतो, साहेब. पैसे घ्या म्हटलं तर घासाघीस करतील, उधार ठेवतील, दोन वाट्या पिऊन एकीचं विचारतील. पण घेऊच नका म्हटलं की त्यांच्या जिवाला लागतं. घरी जाऊन त्यांना झोप लागत नाही.

त्याच संध्याकाळी सेकुंदिनोची बायको उकडलेले शिंपले घेऊन आली, म्हणाली सहज जास्त झाले होते. रविवारी एका खलाशानं चोरीसोची, आमच्या लाल मसालेदार सॉसेजची, माळ आणून खुंटीला लावली. सोमवारी ओलीवानं माशाचं सारण भरलेली एम्पानादा पाठवली, चाकाएवढी. आता माणूस काही घेऊन आला तर त्याला वाटीभर दिल्याशिवाय कसं सोडणार? आणि वाटी घेतली की तो पुन्हा काहीतरी आणणार. हे असं चक्र मी गिअरबॉक्स सोडून कुठे पाहिलेलं नाही. बुधवारपर्यंत आमच्या गॅरेजात गाडी मावेना. दोरिंदानं दोन फळ्या मांडून त्यावर चादर अंथरली, तर लोकांना वाटलं जेवणाचं मेज लावलंय, आणि त्यांनी आपापल्या घरून खुर्च्या आणल्या. पाद्रीबुवा बदामाचा केक घेऊन आले. कोणीतरी जिवंत कोंबडा बांधून गेला, कोण ते अजून कळलं नाही. तो पहाटे ओरडायचा आणि माझी खिडकी त्यालाच नेमकी सापडायची.

मी शेवटी एक फळा लावला. ठळक अक्षरांत: येताना काही आणू नये. मला वाटलं, काम झालं. गावानं तो वाचला आणि त्याचा अर्थ असा लावला की आत्तापर्यंत आणलेलं आम्हाला आवडलेलं नाही. दुसऱ्या दिवशी ऑक्टोपस आला.

पण एक सांगतो, आणि ते तुमच्या कागदात कुठे लिहायला जागा नाही. एर्मितास त्या दिवसांत वेगळीच दिसायला लागली. आमादोर गेल्यापासून ती संध्याकाळी दिवा न लावता बसायची. आता ती पिंपाजवळ स्टुलावर बसून वाट्या भरायची आणि आलेल्या प्रत्येकाला तोंडावर शिव्या द्यायची. तू सहा महिने तोंड दाखवलं नाहीस आणि आता तहान लागली काय, असं. लोक शिव्या खायला लांबून यायला लागले. नर्सही आली. तिनं माझ्या हातात वाटी बघितली, डोळे मिटले, आणि मग स्वतःची वाटी पुढे केली.

मग तुमचा ब्राइस आला.

कोणीतरी तक्रार केली होती म्हणे. तुमचा निरीक्षक ब्राइस, लुगोकडचा पोरगा, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. दारात उभा राहून त्यानं फांदीचा फोटो काढला, मग मेजाचा, मग कोंबड्याचा. मला म्हणाला, "काका, शिल्लक तांबडीच्या घरी खाण्याचे पदार्थ पाचच ठेवता येतात. इथे बघा काय चाललंय."

मी म्हटलं की बाबा रे, पाचाचा नियम विकणाऱ्याला, इथे कोणी काही विकत नाही. तो म्हणाला, मोजू तर द्या. आणि मोजायला लागला. शिंपले एक, चोरीसो दोन, ऑक्टोपस तीन, एम्पानादा चार, केक पाच, आणि मग बटाट्याचं ऑम्लेट. ऑम्लेटं होती दोन. सेकुंदिनोच्या बायकोचं कांदा घातलेलं, ओलीवाचं बिनकांद्याचं. ब्राइसनं लिहिलं: ऑम्लेट, सहा. त्यावर सेकुंदिनोची बायको उठली आणि म्हणाली की पोरा, जी चीज कांदा घालून होते आणि जी कांद्याशिवाय होते, ती तुझ्या मते एकच? ओलीवा म्हणाली, बरोबर आहे, वेगळीच आहेत, कांदा घातला की ते ऑम्लेट राहतच नाही. झालं. गॅरेज मधोमध फाटलं. पाद्रीबुवा कांद्याच्या बाजूला गेले, हे मला त्यांच्याकडून अपेक्षित नव्हतं. खलाशी बिनकांद्याचे. दोरिंदा आणि मी लग्नापासून विरुद्ध पक्षात आहोत, पण तो विषय आम्ही घरात काढत नाही. त्या दिवशी निघाला.

या सगळ्यात तुमच्या निरीक्षकानं काय करायला हवं होतं? टॅब बंद करून बाहेर जायला हवं होतं. तो काय बोलला, ते मी शब्दशः देतो, तपासून घ्या. "आमच्या घरी आई कांदा घालते, पण माझं मत विचाराल तर चूक करते."

एका सरकारी माणसानं भर सभेत आईच्या विरुद्ध मत दिलं. मग एर्मितासनं स्टुलावरून विचारलं, "तू कोणाचा रे?"

त्यानं आईबापाचं नाव सांगितलं. तिला काही ओळख लागली नाही. तरी तिनं वाटी भरली आणि पुढे केली. तो म्हणाला, आजी, मी ड्यूटीवर आहे. ती म्हणाली, "मग उभ्यानं पी."

तो प्यायला. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो, साहेब. पहिल्या घोटाला तो सरकारी होता. दुसऱ्या घोटाला त्यानं टॅब ऑम्लेटशेजारी ठेवला. तिसऱ्याला त्यानं विचारलं, ही कशात मुरवलीय. एर्मितासनं त्याला पीप दाखवलं, कुंड दाखवलं, आपले पायसुद्धा दाखवले. आणि मग जे व्हायचं तेच झालं. तुमच्या ब्राइसचा चेहरा पडला. फुकट प्यायलो हे त्याच्या लक्षात आलं. तो बाहेर गेला, गाडीची डिकी उघडली, आणि आईनं आठवड्यासाठी बांधून दिलेलं चीज घेऊन आला. मेजावर ठेवलं. मग टॅब उचलला, घसा साफ केला, आणि नियमाप्रमाणे त्याचीही नोंद केली. तुमच्या अहवालात शेवटचा पदार्थ 'चीज, उत्तम' असा आहे. तो कोणी आणला ते अहवालात नाही. मी सांगतो, तुमच्या खात्यानं आणला.

वाटीचा अंमल पुरता उतरेपर्यंत मी त्याला चाकाला हात लावू दिला नाही. मग निघाला तर त्याला आमची गल्ली उलटी काढता येईना. दोन्हीकडे दगडी भिंती, मागे चढ. तो तीनदा भिंतीला टेकला. मला राहवलं नाही. मालकानं गाडीवरून काढलं होतं, तरी मी जाऊन त्याच्या शेजारी बसलो आणि म्हटलं, आरशात बघ, क्लच अर्धा, घाई नको. अख्खं गाव गल्लीत उभं राहून बघत होतं. गाडी सरळ रेषेत वर गेली. सोमवारी मालकानं मला पुन्हा गाडीवर घेतलं, कारण पाहणाऱ्यांपैकी दोघांनी आपल्या पोरींची नावं माझ्याकडेच घालायचा हट्ट धरला. तेवढं एक तुमच्यामुळे झालं. आभारी आहे.

मेच्या शेवटी पिंपातून शेवटची वाटी निघाली. एर्मितासनं पिंपावर बोटानं टकटक केलं, पोकळ आवाज आला, आणि ती मोठ्यानं हसली. म्हणाली, "आंबायच्या आत गेली, एलादिओ. सगळी गेली." मग स्वतः खुर्चीवर चढून तिनं वाळलेली फांदी काढली. मला वाटलं, सुटलो.

त्याच आठवड्यात तुमची दोन पत्रं एका दिवशी आली. एकात विनापरवाना खानावळीबद्दल दंड. दुसऱ्यात माझा तिसरा अर्ज मंजूर, जूनअखेरपर्यंत शिल्लक तांबडी विकायला परवानगी, मोजमापासाठी निरीक्षक येईल. दोन्हीखाली एकच कोंबडी. मोजमापाला ब्राइसच आला. त्यानं पिंपात डोकावलं, आत दिवा मारला, आणि बाहेर येऊन एर्मितासला विचारलं की आजी, थोडीशीही ठेवली नाहीत? त्याचा आवाज तपासणीचा नव्हता.

आणि त्यानंतर हे तुमचं शेवटचं पत्र, ज्याला मी उत्तर देतोय. तुम्ही म्हणता, शिल्लक जाहीर केली होती ती कुठे आहे? विकली असेल तर गुन्हा. घरच्यांनी प्यायली असेल तर अर्ज खोटा, तोही गुन्हा. घरच्यांनी प्यायली असं म्हणणं असेल तर त्या घरच्या माणसांची नावं आणि नातं लिहून द्या. न दिल्यास पुढच्या वर्षापासून आम्हाला तांबडी करायलाही बंदी.

सेकुंदिनोनं सल्ला दिला की दंड भर आणि गप्प बस. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मला शहाणपणाचा सल्ला दिला आणि आयुष्यात पहिल्यांदा मी तो ऐकणार नाही. मी तुमचा नियम वाचलाय. सगळा. तुमच्या इमारतीतही तो कोणी एवढा वाचला नसेल. त्यात लिहिलंय की घरच्या मेजावर मोबदला न देता एकत्र खाणारी-पिणारी माणसं म्हणजे कुटुंब. रक्ताचं काही लिहिलेलं नाही. तेव्हा अर्ज खोटा नव्हता. लिहिला तेव्हा आम्ही तिघं होतो. नंतर घर वाढलं. घरं वाढतात, साहेब, त्याची सूचना आगाऊ मिळत नाही. आणि तुम्ही म्हणाल त्यांनी शिंपले आणले, एम्पानादा आणली, तो मोबदला झाला. दोरिंदा रोज घरी पाव आणते. तिलाही मी मोबदला देणारं गिऱ्हाईक म्हणू?

म्हणून माझं उत्तर असं. सेकुंदिनो आणि त्याची बायको, घरचे. तिन्ही खलाशी, घरचे. ओलीवा, घरची, तिच्या बिनकांद्याच्या ऑम्लेटसकट. नर्स घरची. पाद्रीबुवांबद्दल मला कांद्यामुळे जरा विचार करावा लागला, पण घरचे. कोंबडा बांधून जाणारा जो कोणी असेल तो घरचा. आणि ब्राइस सेन्रा, निरीक्षक, ज्यानं आमच्या मेजाशी उभ्यानं प्यायली, आईचं चीज ठेवलं, आणि जो आता रविवारी सुट्टीच्या दिवशी मांडवाचे दगडी खांब सरळ करायला येतो आणि दुपारी आमच्यात जेवतो, तोही घरचा. नात्याच्या रकान्यात काय लिहायचं ते मला सुचलं नाही. एर्मितासला विचारलं तर ती म्हणाली, लिही की माझे.

तुमच्या पत्रात तुम्ही मला नावं विचारलीत. मी दिली. आता मी तुम्हाला विचारतो. द्राक्षांना रंग चढायला लागलाय, ती सप्टेंबरला तयार होतील. किती माणसांसाठी तुडवायची ते एर्मितासला त्याच्या आत कळलं पाहिजे, कारण पिणारं कोणी नाही असं तुम्ही ठरवलंत तर ती तुडवणार नाही. ती शब्दाची पक्की आहे. तेव्हा गाणं वाजवू नका, प्रत पाठवू नका. वर दिलेल्या माणसांपैकी जे माझ्या घरचं नाही त्याच्या नावावर रेघ मारा, रेघेशेजारी कारण लिहा, आणि खाली सही करा, या वेळी वाचता येईल अशी. सुरुवात तुमच्या ब्राइसपासून करा.

सांगा, यातलं माझ्या घरचं कोण नाही?